कॅमेऱ्यासमोर अवघड प्रश्न आले तर पशुवैद्याने काय बोलावे?

ऐरोलीत स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या एका तरुण सहकारी पशुवैद्याने मला एक प्रश्न लिहून पाठवला आहे. त्यांच्या भागात एका लहान मुलाला कुत्रा चावल्याची बातमी पसरली आणि त्याच दुपारी एका वृत्तवाहिनीचे प्रतिनिधी कॅमेरा घेऊन दवाखान्याच्या दारात उभे राहिले. ‘महापालिका झोपली आहे का?’, ‘ही कुत्री मारून का टाकत नाहीत?’, ‘तुम्ही कुत्र्यांच्या बाजूने आहात की माणसांच्या?’ असे प्रश्न एकामागून एक आले, उत्तरे देताना त्यांची तारांबळ उडाली, आणि रात्रीच्या बातम्यांत त्यांच्या एवढ्या बोलण्यातले फक्त एक अर्धे वाक्य दाखवले गेले. अशा प्रश्नांना कसे सामोरे जावे, की सरळ नकार देऊन दार लावून घेणेच शहाणपणाचे, असे त्यांनी विचारले आहे.

माझे स्पष्ट मत आहे की बोलावे. ठाणे जिल्ह्यात आधी शासकीय सेवेत आणि नंतर खासगी व्यवसायात असताना मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे की पशुवैद्य गप्प राहिला म्हणून बातमी थांबत नाही. त्याची जागा सोसायटीचा एखादा पदाधिकारी किंवा नुसताच मोठ्याने बोलणारा कोणी घेतो, आणि मग जखम धुवायची राहते व तिच्यात हळद भरली जाते. मात्र बोलण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की हवी. पत्रकाराचा प्रश्न कितीही आरोपाच्या सुरात असला, तरी त्याच्या आत घरी बसलेल्या कोणाची तरी भीती असते. माझ्या मुलाला काही होईल का, हे चिकन पोरांना वाढू का, माझे जनावर त्या दवाखान्यात सुखरूप राहील का, ही ती भीती. तिचे उत्तर पहिल्याच वाक्यात द्यावे, आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेथे थांबावे, आणि उरलेले कोण व कधी सांगेल हेही सांगून टाकावे.

तुमच्याच प्रसंगापासून सुरुवात करतो. कुत्रा चावल्याच्या बातमीत पहिला प्रश्न महापालिकेबद्दल आला, तरी तुमचे पहिले वाक्य जखमेबद्दल असायला हवे. ‘चावलेली जागा लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवा, तिच्यावर हळद, चुना, मिरची काहीही लावू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा, आणि दातांनी कातडी फाटून रक्त आले असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही विचारून घ्या.’ एवढे बोलायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. बातमीत तुमच्या वाट्याला साधारण तेवढाच वेळ येतो, आणि तो ज्ञान दाखवण्यात किंवा कोणाला दोष देण्यात घालवण्यापेक्षा असा वापरला तर त्या रात्री एखादे मूल वाचू शकते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि चावा व लक्षणे यांच्यातला काळ बहुधा दोन-तीन महिन्यांचा, कधी आठवड्याचा तर कधी वर्षाहूनही मोठा असतो; त्यामुळे ‘आता महिना झाला, काही झाले नाही’ असे म्हणणाऱ्या घरालाही आजच जायला सांगावे. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही समजूत अजून गेलेली नाही. ती जुनी लस वीस वर्षांपूर्वीच बंद झाली, आता दंडावर किंवा कातडीत मोजकेच डोस देतात, हे एक वाक्य जमेल तेव्हा जोडावे, कारण कित्येक जण केवळ त्या भीतीने रुग्णालय टाळतात.

मग ‘मारून का टाकत नाहीत?’ हा प्रश्न येतोच. येथे प्राणिप्रेमाचे भाषण करू नये आणि संतापाला संतापाने उत्तर देऊ नये. या प्रश्नाला वैद्यकीय उत्तर आहे आणि ते प्रश्न विचारणाऱ्यालाही पटते. चावलेला कुत्रा जिवंत ठेवून दहा दिवस नजरेखाली ठेवला आणि तो त्यानंतरही धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असे खात्रीने म्हणता येते. जमावाने त्याला ठार मारून फेकून दिले तर ही खात्री करण्याची सोय राहत नाही. लस मात्र त्या दहा दिवसांची वाट न पाहता सुरू करायची असते, हे लगेच पुढच्या वाक्यात सांगितले नाही तर घोटाळा होतो. वस्तीचा प्रश्न त्याहून मोठा आहे. एखाद्या भागातल्या दहांपैकी सात कुत्र्यांचे लसीकरण झाले की रेबीजची साखळी तुटते, हे जगभर मान्य झालेले प्रमाण आहे. लस दिलेली कुत्री हटवली की त्यांच्या जागी बिनलशीची येतात आणि हे प्रमाण पुन्हा खाली घसरते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रा मूळ जागी सोडायला सांगितले आहे, त्यामागचा शास्त्रीय आधार हाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रेबीज झालेल्या व आक्रमक कुत्र्यांना यातून वगळले, आणि ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बस आगारे, रेल्वे स्थानके अशा आवारांतील कुत्र्यांना तेथे परत न सोडता निवाऱ्यात ठेवायला सांगितले. म्हणून मुलाखतीला बसण्याआधी त्या दिवशी लागू असलेला आदेश वाचून घ्यावा. कायद्याबद्दल जुनी माहिती ठामपणे सांगणारा पशुवैद्य पुढच्या प्रश्नाला उघडा पडतो.

‘कुत्र्यांच्या बाजूने की माणसांच्या?’ या प्रश्नात दोनच दारे ठेवलेली असतात आणि कोणत्याही दाराने आत गेलात तरी भांडणात सापडता. मी अशा वेळी म्हणतो, ‘मी त्या मुलाच्या बाजूने आहे, आणि म्हणूनच या वस्तीतल्या प्रत्येक कुत्र्याला लस हवी असे सांगतो आहे.’ हे वाक्य निसटण्यासाठी केलेली युक्ती नाही. आपल्या व्यवसायाची भूमिकाच ती आहे. महापालिकेबद्दलच्या प्रश्नावर, तुम्हाला त्यांच्या कामाची माहिती नसेल तर मत देऊ नका, पण पत्रकाराला रिकाम्या हातानेही पाठवू नका. या प्रभागात गेल्या वर्षी किती कुत्र्यांचे निर्बीजीकरण झाले, किती कुत्र्यांना लस दिली, निर्बीजीकरणाची खूण म्हणून कानाला खाच असलेली कुत्री किती दिसतात, पालिकेच्या रुग्णालयात इम्युनोग्लोब्युलिनचा साठा आहे का, हे प्रश्न त्यांना द्यावेत. चांगला वार्ताहर ते घेऊन नेमका जेथे जायला हवा तेथे जातो, आणि पुढच्या वेळी तुमच्याकडे भांडण लावण्यासाठी येत नाही, माहितीसाठी येतो.

यापेक्षा अवघड परीक्षा साथीच्या वेळी होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू निष्पन्न झाला आणि एक किलोमीटर परिघातील सुमारे २५ हजार कोंबड्या नष्ट करण्याचा निर्णय झाला, तेव्हा ठाण्यापासून पनवेलपर्यंत प्रत्येक पशुवैद्याला एकच प्रश्न विचारला जात होता: ‘डॉक्टर, चिकन खायचे की नाही, एका शब्दात सांगा.’ यावर ‘घाबरण्याचे कारण नाही’ असे म्हणण्याचा मोह फार होतो आणि तो टाळावा. ज्याच्या घरी कढईत चिकन शिजते आहे त्याला या वाक्यातून काहीच करायला मिळत नाही, आणि उद्या आकडे वाढले की तेच वाक्य तुमच्याविरुद्ध पुन्हा पुन्हा दाखवले जाते. त्याऐवजी असे सांगता येते: ‘पूर्ण शिजवलेले चिकन आणि अंडी खायला हरकत नाही. मांसाच्या आतल्या भागापर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान पोहोचले की हा विषाणू मरतो, आणि आपला रस्सा खदखदून उकळतो तेव्हा ते तापमान ओलांडलेले असते. कच्चे मांस हाताळल्यावर हात साबणाने धुवा, तीच सुरी कोशिंबिरीला वापरू नका, अर्धे कच्चे अंडे खाऊ नका, आणि मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा.’

यानंतरचा प्रश्न जाणकार वार्ताहर हमखास विचारतो, आणि तो रास्तच असतो: ‘खायला हरकत नाही, तर मग एवढ्या कोंबड्या का मारल्या?’ येथे अडखळलात तर आधीचे सगळे उत्तर खोटे वाटू लागते. कोंबड्या नष्ट करण्यामागे ताटातल्या मांसाची भीती नसते. जिवंत बाधित पक्ष्यांच्या विष्ठेतून, पिंजऱ्यांतून, खाद्याच्या गाड्यांतून विषाणू पुढच्या शेडवर जातो आणि त्या शेडवर दिवसभर काम करणाऱ्या माणसांना त्याचा सर्वाधिक धोका असतो. तो प्रवास थांबवण्यासाठी एक किलोमीटरचे बाधित क्षेत्र मोकळे करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. हे शांतपणे सांगावे, आणि ज्या शेतकऱ्याची शेड रिकामी झाली त्याच्याबद्दल एक वाक्य अवश्य बोलावे, कारण त्याचे नुकसान हे बातमीतले सर्वांत खरे दुःख असते. त्याने रोग लपवला असे सुचवणारा प्रश्न आला, तर जे तुम्ही स्वतः पाहिलेले नाही त्याला मान डोलवू नका. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाच्या २००९ च्या कायद्याने अशा रोगाचा संशय कळवणे बंधनकारक आहे. पण कळवणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर आरोपी केले, तर पुढचा शेतकरी मेलेल्या कोंबड्या रात्री ओढ्यात टाकून मोकळा होईल, ही भीती मला अशा प्रत्येक मुलाखतीच्या वेळी वाटते आणि मी ती पत्रकारांना बोलूनही दाखवतो.

‘हा रोग माणसाला होतो का?’ याला ‘नाही’ हे उत्तर कधीही देऊ नये, कारण ते खरे नाही. आजारी पक्ष्यांच्या निकट संपर्कातून माणसाला तो क्वचित होतो, आणि झाला तर गंभीर होऊ शकतो. २०२१ च्या जुलैमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये हरियाणातील एका मुलाचा या विषाणूने मृत्यू झाल्याचे निष्पन्न झाले होते. ‘क्वचित’ आणि ‘गंभीर’ हे दोन्ही एकाच वाक्यात सांगितले तर ते एकमेकांना तोलून धरतात. त्यातले एक गाळले की बातमी एक तर भीतीची होते किंवा बेफिकिरीची. मांजराबद्दलही आता विचारतात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले, तेव्हापासून घरच्या मांजराला कच्चे चिकन घालू नका हा सल्ला मी न विचारता देतो.

निदान हाती नसताना येणारा प्रश्न मला सर्वांत धोक्याचा वाटतो. जानेवारी २०२१ मध्ये घोडबंदर रस्त्यावरील एका निवासी संकुलात बगळे मरून पडलेले आढळले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानातील सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले तेव्हाही प्रत्येकाला प्रथम बर्ड फ्लूच आठवला होता, पण भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने तो नाकारला आणि बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणारा लुळेपणा, हे कारण सांगितले. दोन्ही ठिकाणी डोळ्यांना दिसणारे दृश्य सारखेच होते. म्हणून नमुने पुण्याच्या औंध येथील प्रयोगशाळेत व पुढे भोपाळला गेले आहेत, अहवाल येईपर्यंत मी रोगाचे नाव घेणार नाही, तोवर कोणी मृत पक्ष्याला हात लावू नये, आणि अहवाल जिल्हा प्रशासन जाहीर करील, एवढेच बोलावे. ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे आपल्या तोंडी बसलेले वाक्य अशा वेळी कटाक्षाने टाळा. बोलणाऱ्याला ते सावध वाटते. पडद्याच्या खालच्या पट्टीवर मात्र ‘बर्ड फ्लूची शक्यता, पशुवैद्यांची माहिती’ असे होऊन ते सरकत राहते आणि दुसऱ्या दिवशी बाजारात कोंबडीचा भाव कोसळतो.

नवी मुंबईत फ्लेमिंगोंबद्दल हेच लागू आहे. नेरूळ आणि सीवूड्स परिसरात २०२४ मध्ये फ्लेमिंगो मृत आढळले, त्याच वर्षी २० मे रोजी घाटकोपरमध्ये विमानाच्या धडकेने तीसहून अधिक फ्लेमिंगो मेले, आणि ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेल्यापासून तिथल्या प्रत्येक मृत पक्ष्याची बातमी होते. तलावाचे पाणी, दिवे, विमाने, बांधकामे यांवर एक नागरिक म्हणून तुमची मते असतील आणि ती मांडायला वेगळी जागा आहे. पण ‘कशाने मेले?’ या प्रश्नाला पशुवैद्य म्हणून उत्तर देताना शवविच्छेदनापलीकडे जाऊ नये. शिवाय वन्य पक्ष्याचे शव वन विभागाच्या ताब्यातले असते. त्यांच्या परवानगीवाचून ते उघडणे किंवा त्यावर बोलणे हे दोन्ही आपल्या अधिकाराबाहेरचे आहे. बिबट्याच्या प्रसंगी तर बोलण्याची वेळच महत्त्वाची असते. २० फेब्रुवारी २०१९ रोजी ठाण्यातील मॉलमध्ये आणि नंतर शेजारच्या हॉटेलच्या आवारात बिबट्या शिरला तेव्हा ‘एवढा वेळ का लागतो आहे?’ हा प्रश्न थेट प्रक्षेपणात सतत विचारला जात होता. भुलीचे औषध लागल्यावर जनावर आडवे व्हायला काही मिनिटे जातात, गर्दीच्या आरडाओरड्याने चवताळलेल्या जनावराला त्याहून अधिक वेळ लागतो, आणि त्या मिनिटांत ते कोणाच्याही अंगावर जाऊ शकते. हे मोहीम संपल्यावर सांगायचे असते. चालू असताना कॅमेऱ्याला एकच वाक्य द्यावे की गर्दी मागे हटवा.

आता त्या प्रसंगाकडे येतो ज्याची आपल्यापैकी प्रत्येकाला मनातून धास्ती असते. आपल्याच टेबलावर एखादे जनावर दगावते, कुटुंब दवाखान्याबाहेर रडत उभे असते आणि ‘डॉक्टरांच्या हलगर्जीमुळे मृत्यू’ असे म्हणत वाहिनीचा बूम (माईक) पुढे येतो. ठाण्यातील माझ्या एका सहकारी डॉक्टरबाईंनी हे ज्या तऱ्हेने निभावले ते मला आदर्श वाटते. गर्भाशयात पू झालेली पग जातीची एक कुत्री भुलीखाली शस्त्रक्रिया चालू असताना गेली होती. प्रतिनिधीने विचारले, ‘मॅडम, तुमची चूक झाली हे तुम्ही मान्य करता का?’ बाई दाराबाहेर आल्या, कुटुंबाकडे पाहून आधी म्हणाल्या, ‘या घरातले एक माणूसच गेले आहे आणि मला त्याचे अतिशय दुःख आहे.’ मग कॅमेऱ्याकडे वळून म्हणाल्या, ‘ती माझ्याकडे शस्त्रक्रियेसाठी होती आणि भुलीखाली असताना तिचे हृदय थांबले. तिच्या सर्व तपासण्यांची आणि दिलेल्या औषधांची नोंद मी कुटुंबाला आजच देते आहे. मृत्यूचे कारण मी ठरवू नये, ते त्रयस्थ ठिकाणच्या शवविच्छेदनातून ठरावे, आणि त्यासाठी लागेल ती मदत मी करीन.’ प्रतिनिधीने तोच प्रश्न पुन्हा विचारला, बाईंनी शेवटचे वाक्य त्याच आवाजात पुन्हा सांगितले, आणि त्या आत गेल्या.

या उत्तरात काय आहे ते नीट पाहा. ‘हलगर्जी’ हा शब्द त्यांनी नाकारण्यासाठीसुद्धा उच्चारला नाही, कारण ‘मी हलगर्जी केलेली नाही’ असे म्हटले की तो शब्द तुमच्या आवाजात मुद्रित होतो आणि ठळक मथळ्याला तेवढा पुरतो. दुःख व्यक्त करणे म्हणजे चूक कबूल करणे, अशी आपल्यातल्या अनेकांची समजूत आहे. ती सोडून द्यावी, कारण दुःखाचा एक शब्द न बोलता थेट स्पष्टीकरणाला लागलेला डॉक्टर पाहणाऱ्याला दगडासारखा वाटतो. पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत नाकपुड्या अरुंद आणि टाळू लांब असल्याने भूल अधिक जोखमीची असते, हे खरे असले तरी बाईंनी ते कॅमेऱ्यापुढे सांगितले नाही. ते शस्त्रक्रियेपूर्वी मालकांना समजावून संमतीपत्रावर लिहून घेतलेले होते आणि त्याची योग्य जागा तीच होती. रुग्णाचा तपशील मालकाच्या परवानगीवाचून उघड करू नये, मालक स्वतः सगळे बोलत असला तरीही. त्याने चुकीचे सांगितले तर आपले उत्तर नोंदींतून, आणि प्रसंग आला तर राज्य पशुवैद्यक परिषदेपुढे किंवा ग्राहक आयोगापुढे द्यावे. व्यवहाराची एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो: शव शीतपेटीत थंड ठेवावे पण गोठवू नये, कारण बर्फाच्या कणांनी ऊती फाटतात आणि शवविच्छेदनातून कारण सापडणे कठीण होते. हे पहिल्या तासात कुटुंबाला सांगणारा डॉक्टर काही लपवत नाही, हे त्यांनाही कळते.

कर्मचाऱ्याने जनावराला मारल्याचा व्हिडिओ मोबाइलवर समोर धरून प्रतिक्रिया मागितली, तर प्रथम तो पूर्ण पाहू द्या असे म्हणावे. न पाहिलेल्या दृश्यावर बोलू नये. पाहिल्यावर ते खरे व आपल्याच दवाखान्यातले असेल तर बचावाचा एक शब्दही न काढता ‘हे चूक आहे, त्या व्यक्तीला कामावरून दूर केले आहे आणि पोलिसांना आम्ही सहकार्य करू’ असे सांगावे, आणि हे सांगण्याआधी ते खरोखर केलेले असावे. ‘पन्नास रुपये दंडात सुटेल ना?’ असे पुढे विचारतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपयेच आहे, तो लाजिरवाणा आहे असे म्हणायला पशुवैद्याने कचरू नये. जनावराला ठार मारले किंवा अपंग केले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही त्याच वेळी सांगावे.

काही प्रश्न आरोपासारखे दिसतात, पण त्यांतले कोणते निराधार आणि कोणते साधार हे आपण प्रामाणिकपणे वेगळे केले पाहिजे. ‘ब्रॉयलर कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शने देतात ना?’ हा गैरसमज आहे. पाच-सहा आठवड्यांत कोंबडी दोन किलोच्या आसपास जाते ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने आणि संतुलित खाद्याने. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेकाला इंजेक्शन देत बसणे परवडणारे नाही आणि वाढीचे संप्रेरक खाद्यातून दिले तर ते पोटात पचून जाते. पण ‘अँटिबायोटिक वापरतात का?’ या प्रश्नाला ‘तेही खोटे’ म्हणू नका. वापर होतो, काही ठिकाणी अवाजवी होतो, कोलिस्टिनसारखे औषध २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी बंद करावे लागले ते म्हणूनच, आणि औषध दिल्यावर ठरावीक दिवस मांस, अंडी, दूध विकू नये हा नियम सर्वत्र पाळला जात नाही. आपल्याच क्षेत्राची उणीव सांगणाऱ्याचा पहिला नकारही लोक खरा मानतात.

कॅमेऱ्याच्या व्यवहाराबद्दल थोडे सांगतो. बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचे छोटे निवेदन, देण्याआधी प्रतिनिधीला विषय, बातमीची वेळ आणि आणखी कोण बोलणार आहे हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि दहा मिनिटे मागून घेण्याचाही. त्या दहा मिनिटांत कागदावर दोन वाक्ये लिहा. उभे राहताना मागे सलाइन लावलेले जनावर किंवा दुसऱ्या कोणाचा पाळीव प्राणी येणार नाही असे पाहा, कारण तुमचा शब्द न ऐकता प्रेक्षक त्या जनावराकडे पाहत राहतो. तुमचे उत्तर संपल्यावर प्रतिनिधी कधी कधी माईक तसाच धरून गप्प उभा राहतो. ती शांतता भरून काढण्याची जबाबदारी तुमची नाही. ‘हे नुसते आपल्यात, छापणार नाही’ असे बोलणे चालू झाले तरी कॅमेऱ्यासमोर जे बोलला नसता ते तेथेही बोलू नका. ‘समजा उद्या शंभर जणांना झाला तर?’ यावर आज काय माहीत आहे तेच पुन्हा सांगा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे जी पुस्तकांत सापडत नाही. मराठीत बाईट झाला की लगेच ‘डॉक्टर, हेच एकदा हिंदीत’ अशी विनंती येते, आणि मराठीत नेमके बोललेला माणूस हिंदीत सैल बोलतो. ‘संशयित’ नमुना हिंदीत सरळ ‘पॉझिटिव्ह’ होऊन बसतो. म्हणून ती दोन वाक्ये हिंदीतही लिहून ठेवावीत, आणि हिंदीवर हुकूमत नसेल तर नम्रपणे मराठीवरच थांबावे. चर्चेच्या कार्यक्रमात, जेथे सहा चौकटींत सहा जण एकाच वेळी बोलतात, तेथे प्राण्यांच्या आजाराबद्दल काही समजावून सांगता येईल असे मला वाटत नाही. त्याऐवजी मी त्यांना ध्वनिमुद्रित बाईट देऊ करतो.

शासकीय सेवेतल्या सहकाऱ्यांसाठी नियम वेगळे आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ त्यांना लागू असल्याने परवानगीवाचून मत देता येत नाही, आणि साथीच्या वेळी अधिकृत माहिती जिल्हाधिकारी किंवा जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त देतात. तरी ‘मला बोलता येत नाही’ एवढ्यावर न थांबता ज्यांना बोलता येते त्या अधिकाऱ्याचे पद व कार्यालय सांगावे, आणि वरिष्ठांकडून मान्य झालेला प्रतिबंधक सल्ला छापील स्वरूपात जवळ ठेवून तो पत्रकाराच्या हाती द्यावा.

बातमी चुकीची आली तर त्याच संध्याकाळी त्या प्रतिनिधीला फोन करा, चुकीचे वाक्य कोणते आणि बरोबर कोणते एवढेच सांगा, आणि लगोलग ते लिखित संदेशाने पाठवा. दुरुस्ती मागताना आपल्या प्रतिमेचा विषय काढू नका. ‘दहा दिवस थांबून मग लस घ्या असे माझ्या नावावर गेले आहे, त्यावर विश्वासून कोणी थांबले तर त्याचा जीव जाईल’ असे म्हणालात, तर मध्यरात्रीच्या आत पट्टी बदललेली मी पाहिली आहे. स्वागतकक्षात बसणाऱ्या मुलीला आणि मदतनीसालाही एक वाक्य शिकवून ठेवा: ‘डॉक्टर शस्त्रक्रियेत आहेत, अमुक वाजता स्वतः बोलतील.’ ती वेळ सांगितली की ती पाळायची, मग हातातले काम अर्ध्यावर दुसऱ्याकडे सोपवावे लागले तरी.